मुळाला सूट

"माझं नाव इथं का?"

डॉ. समाधान बोरोले यांनी सर्व्हरच्या वाटणीचं उलटं झाड काढलेल्या कागदाच्या अगदी तळाशी बोट ठेवलं. तिथं एका ओळीत चार चौकटी होत्या. पहिली तृतीय वर्षाची, दुसरी द्वितीय वर्षाची, तिसरी शिक्षकांची, आणि चौथीत लिहिलं होतं 'विभागप्रमुख, संशोधन'.

"ती काम करणाऱ्यांची ओळ आहे, सर," ज्योत्स्ना भंगाळे म्हणाली. "ज्याचं काही चालतं, तो तिथंच बसतो."

"आणि ही वरची चौकट? संगणक विभाग?"

"ती नुसती वाटून देते. तिच्यात कोणी बसत नाही."

"विभागाचा प्रमुख मी आहे. विभागाची चौकट रिकामी, आणि मी खाली पोरांच्या शेजारी."

"यंत्राला प्रमुख कळत नाही, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना डॉक्टरेट मिळून चार वर्षं झाली होती आणि तेवढ्यात त्यांच्या दारावरची पाटी तीनदा बदलली होती. दर वेळी अक्षरं मोठी झाली. ज्योत्स्नाला वाटायचं, ज्ञान वाढलं की माणसाची अक्षरं बारीक व्हायला हवीत, कारण लिहायला पुष्कळ असतं. पण हे तिला नुसतं वाटायचं. पदानं ती प्रयोगशाळा सहायक होती आणि सत्तावीस वर्षं तिथंच होती. शिक्षण तंत्रनिकेतनातली पदविका. सर तिला 'बाई' म्हणत, बाकी सगळं कॉलेज 'अक्का' म्हणे.

कॉलेज जळगावपासून थोडं बाहेर, भुसावळच्या रस्त्याला. संगणकाच्या प्रयोगशाळेत साठ पडदे आणि साठ कळफलक होते, पण ते नुसते झरोके. खरं काम चालायचं एकाच मोठ्या सर्व्हरवर. संस्थेचे अध्यक्ष ज्ञानचंद शेठ यांनी तो आपल्या आई धनकुंवरबाई यांच्या नावानं दिला होता. सर्व्हरच्या खोलीच्या दारावर धनकुंवरबाईंचा फोटो होता आणि फोटोला चंदनाचा हार. एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीसला जाई, तेव्हा सगळ्या इमारतीत गारवा दोनच ठिकाणी असे. एक ती खोली, दुसरी सरांची केबिन.

एकच यंत्र आणि खाणारी तोंडं दोनशे, अशी गत. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत पियुष नावाच्या मुलाच्या प्रोग्राममध्ये एक ओळ चुकली आणि तो प्रोग्राम स्वतःच्याच नकलांची पिल्लं घालत सुटला. पिल्लांनी आणखी पिल्लं घातली. दोन मिनिटांत साठ पडदे गोठले. धुळ्याहून आलेल्या परीक्षकांनी 'साधने उपलब्ध नाहीत' असा शेरा मारला. परीक्षा महिन्यानं परत झाली, आणि तेवढ्यात चौघांच्या पुण्यातल्या नोकऱ्या हातच्या गेल्या. सरांनी पियुषला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. ज्योत्स्नानं घेतलं नाही. एका पोराच्या चुकीनं जर अख्खं घर पडत असेल, तर चूक पोराची नसून घर बांधणाऱ्याची आहे, असं तिचं मत. आणि घर बांधायची जबाबदारी तिच्यावर होती.

उन्हाळ्याची सुट्टी तिनं त्यातच घातली. तिचा भाऊ दीपनगरच्या कॉलनीत राही. आठ दिवस त्याच्याकडे राहायला गेली, तर तिथंही जेवणाच्या ताटाशेजारी कागद.

ऑपरेटिंग सिस्टीमला चालू प्रोग्रामांचे गट करायला सांगता येतं. गटांच्या पोटात आणखी गट. प्रत्येक गटाला प्रोसेसरचा किती वेळ, किती मेमरी आणि जास्तीत जास्त किती पिल्लं, ते ठरवून द्यायचं. ऐकायला सोपं, करायला किचकट. पहिल्या खेपेला ज्योत्स्नानं प्रत्येक गटाला पक्की हद्द घातली. अमक्यानं एवढंच खायचं, एक घास जास्त नाही. जुलैत दिसलं, की स्थापत्य विभागाची पोरं सहलीला गेलीत, त्यांच्या नावचा भाग नुसता बसून आहे, आणि इकडे संगणकाची पोरं कासवाच्या चालीनं काम करताहेत. मग प्रोसेसरची हद्द काढून तिनं वाटा ठेवला. वाटा म्हणजे, सगळे जेवायला बसले तर तुला एवढं नक्की; शेजारचं पान रिकामं असेल तर त्याचंही तू खा, तो आला की सरक. हद्द तिनं फक्त मेमरीला आणि पिल्लांना ठेवली, कारण मेमरी एकदा खाल्ली की सहज परत ओकता येत नाही.

पोरांना ती हे वरण-बट्टीच्या पंगतीवरून समजावून सांगे. फळ्यावर पानं काढी, बादल्या काढी.

"एका रांगेची बादली वेगळी," ती म्हणे. "त्या रांगेत कोनी हावरट निंघाला, तर त्याच्या रांगेले कमी पडंल. दुसऱ्या रांगेची बादली त्याले दिसनार नाही. समजलं का रे?"

"अक्का, वाढपी कोणत्या रांगेत बसतो?" एकदा भाविकानं विचारलं होतं. धरणगावची मुलगी, बोलायला भीत असे.

"हा सवाल लाखाचा," ज्योत्स्ना म्हणाली होती. "वाढपी बसत नाही. बसला, तर बादली आपल्याच पानाजवळ ठेवून घेईन. म्हनून नियम असा, का ज्या गटाच्या पोटात गट आहेत आन् जो त्याहिले वाटून देतो, त्यानं सोताचं काम त्याच जागी चालवायचं नाही. काम करायचं तर खाली ये, पानावर बस."

वीस वर्षांच्या मुलीला जे एका दमात कळलं, ते आता सरांना समजावून द्यायचं होतं.

"मला त्या मधल्या चौकटीत टाका," सर म्हणाले.

"यंत्र घेत नाही, सर. नियम आहे."

"कोणी केला हा नियम?"

"ज्यांनी ही प्रणाली लिहिली त्यांनी."

"त्यांना आपल्याकडची पद्धत माहीत नाही."

"माहीत असेल, सर. म्हणूनच केला असेल."

सरांनी मान वर केली. बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी कागद जवळ ओढला आणि आता त्यांचं बोट अगदी माथ्यावर गेलं. "आणि हे? मूळ?"

ज्योत्स्नामध्ये एक खोट होती. विचारलेल्या प्रश्नाला ती खोटं उत्तर देत नसे. सत्तावीस वर्षांत बढती न मिळण्याचं तेही एक कारण असावं. "मुळाला सूट आहे," ती म्हणाली. "मुळात काम टाकता येतं. पण टाकू नये. तिथल्या कामाला काहीच हद्द लागत नाही. शिवाय मुळातल्या प्रोग्रामचा एकेक धागा, म्हणजे एका वेळी चालणारा एकेक तुकडा, एकेका अख्ख्या विभागाच्या बरोबरीचा धरला जातो. तुमच्या प्रोग्रामचे अठ्ठेचाळीस धागे आहेत. म्हणजे तुमची अठ्ठेचाळीस पानं, प्रत्येकाला वेगळी बादली, आणि या साठ पोरांना मिळून—"

"बाई, मला शिकवू नका."

"नाही, सर."

"चोवीस तारखेला ज्ञानचंद शेठ येताहेत. केळीच्या पानावरचे रोग ओळखणारा माझा प्रोग्राम मी त्यांच्यासमोर चालवणार आहे. त्या वेळी मी सगळ्यात वर पाहिजे."

"चोवीसला तृतीय वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आहे."

"परीक्षा अकराला. आमचं दहाला सुरू होऊन साडेदहाला संपेल."

"लेखी द्या, सर."

सरांनी हिरव्या शाईचं पेन काढलं आणि त्याच कागदावर, मुळाच्या चौकटीशेजारी, लफ्फेदार सही केली. सही कागदावरच्या सगळ्या झाडाएवढी मोठी होती.

खरं सांगायचं तर ज्योत्स्नाच्या मनात त्या वेळी एक वाईट गोष्ट आली. तिला वाटलं, होऊ दे. कधी ना कधी हा माणूस सगळ्यांदेखत तोंडावर पडलाच पाहिजे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येईल, हे एकदा शेठजींनाही दिसू दे. तिनं हुकमाप्रमाणे सरांचं काम मुळात टाकलं. दहा ते साडेदहा कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण नुसता तेवढाच हिशेब मनात असता, तर तिनं आणखी एकदा जाऊन सांगून पाहिलं असतं. ती गेली नाही.

चोवीसला शेठजींची गाडी राजस्थानहून उशिरा आली. सभागृहातला कार्यक्रम सव्वाअकराला सुरू झाला. तोवर खाली प्रयोगशाळेत साठ पोरं प्रश्न घेऊन बसली होती.

अकरा वीसला भाविकानं हात वर केला. "अक्का, मी लिहितेय ते दिसतच नाहीये."

ज्योत्स्ना तिच्या मागं जाऊन उभी राहिली. मुलीनं 'प' दाबला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग 'प' उमटला, आणि त्याच्या मागून तिनं घाबरून दाबलेली दहा अक्षरं एकदम आली.

"हात काढ त्याच्यावरून," ज्योत्स्ना हळूच म्हणाली. "पानी पे. तुह्यं काही चुकलं नाही."

"मग काय झालं?"

"माह्यं चुकलं."

परीक्षक या वेळी दुसऱ्या होत्या, प्रा. कामिनी देवरे, धुळ्याच्या. पण गेल्या वर्षीचा शेरा त्यांनी वाचलेला होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, तुमच्याकडे दरवर्षी हेच का?"

"दहा मिनिटं द्या."

"बारा वाजेपर्यंत थांबते. बाराला प्रोग्राम चालताना दिसले नाहीत, तर मला शेरा मारावा लागेल. मग पुढच्या महिन्यात परत. माझा इलाज नाही."

खोलीत साठ पोरं होती, आणि पंखे नुसते म्हणायला होते. मागच्या रांगेतल्या एकानं डोकं टेबलावर टेकलं होतं. त्याला सोमवारी नाशिकला रुजू व्हायचं होतं, आणि परीक्षा झाल्याचा कागद सोबत मागितलेला होता.

ज्योत्स्नानं शिपाई सुपडूला वर पाठवलं. सुपडू साक्रीकडचा. कॉलेजात वीस वर्षं काढूनही त्यानं आपली अहिराणी कोणासाठी बदलली नव्हती. "सरांना सांग, पोरांची परीक्षा थांबली. त्यांचं काम खाली घेते म्हणावं, परवानगी द्या."

सुपडू पाच मिनिटांनी धापा टाकत परत आला. "अक्का, सायेब म्हनना, पोरेस्ले थांबाडी ठेव. शेठ उठी जातीन, मंग करा काय करनं ते."

"आणखी काय म्हणाले?"

"मालेच म्हनना, तू कशाले वर उना." सुपडूनं कपाळ पुसलं. "तठे पडदावर दोन हजार पानं शेतस. बठ्ठी केळीनी. शेठ गार शरबत पी ऱ्हायनात आन् सायेब काठी लईसन दखाडी ऱ्हायनात. हाई रोगी, हाई निरोगी. शेठना घरना केळीना मळा शे, अक्का. त्यास्ले काय हाई मशीन सांगी?"

अकरा बेचाळीस. ज्योत्स्ना सर्व्हरच्या खोलीत गेली. गार हवेत तिला आपला घाम एकदम कळला. तिनं यादी उघडली. वरून खालपर्यंत एकच नाव, अठ्ठेचाळीस वेळा. बाकी सगळ्या कॉलेजाला उरलेले कण.

काम एका ओळीचं होतं. सरांच्या प्रोग्रामचा क्रमांक मुळातून काढून खालच्या चौथ्या चौकटीच्या यादीत लिहायचा. त्याचे अठ्ठेचाळीस धागे त्याच्यासोबत आपोआप खाली येतात. प्रोग्राम थांबत नाही, मोडत नाही, फक्त आपल्या पानावर येऊन बसतो. तिनं ओळ लिहिली. पण कळ दाबायच्या आधी ती थांबली, तिला स्वतःला एक विचारायचं होतं. हे मी पोरांसाठी करतेय, की त्या माणसाला शेठजींसमोर खाली ओढायची मजा म्हणून? उत्तर स्वच्छ आलं नाही. तिकडं पोरं बसली होती. तिनं कळ दाबली.

भिंतीपलीकडून आधी एका कळफलकाचा आवाज आला, मग दहांचा, मग पत्र्यावर गारा पडाव्यात तसा साठांचा. कोणी ओरडलं नाही. परीक्षेत ओरडायचं नसतं.

बाराला देवरे मॅडम पहिल्या रांगेपासून निघाल्या. भाविकाजवळ आल्या तेव्हा तिचा प्रोग्राम चालत होता. त्यांनी तिला तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याला ती अडली, थोडं थांबली, आणि बरोबर बोलली. अडीचपर्यंत साठही झाले. मॅडमनी सही केली आणि जाताना ज्योत्स्नाला म्हणाल्या, "असं आधीच केलं असतं तर?"

"हो," ज्योत्स्ना म्हणाली.

वर सभागृहात मात्र उरलेलं पाच मिनिटांत संपायचं ते पाऊण तास चाललं. केळीची पानं एकेक करून येत होती, लग्नाच्या आहेरासारखी. सरांनी मधल्या वेळात देशातल्या संशोधनाची दुरवस्था सांगितली. शेठजींनी दुसरं सरबत घेतलं, तिसरं नको म्हणाले, आणि उठले.

तीन वाजता ज्योत्स्नाला केबिनमध्ये बोलावणं आलं. ज्ञानचंद शेठ सरांच्या खुर्चीत बसले होते, सर उभे होते. पांढरा सदरा, पातळ चेहरा, बोलणं मऊ.

"माझा लेखी आदेश असताना यांनी माझं काम परस्पर खाली ढकललं," सर म्हणाले. "संस्थेच्या अध्यक्षांसमोर. हा माझा नाही, तुमचा अपमान आहे."

"का हो बाई?" शेठजींनी विचारलं.

ज्योत्स्नानं सांगितलं. रांगा, बादल्या, पान, वाढपी. पोरांना सांगते तसंच सांगितलं, फक्त बोली बदलली. शेठजी डोळे मिटून ऐकत होते.

"म्हणजे आमच्या जैनांच्या स्वामीवात्सल्याच्या जेवणासारखं," ते म्हणाले. "घरचे लोक हातानं वाढतात. सगळा समाज उठला, की मग बसतात. आमची आई, बा, तर उभ्यानंच खायची, ते पण शेवटी."

"तेच, शेठजी."

"मग सर, तुम्ही वाढायचं सोडून आधी पानावर का बसलात?"

सरांच्या मानेवर लाल रंग चढला. ज्योत्स्नाला त्या अर्ध्या मिनिटात वाटलं, की सत्तावीस वर्षांत या इमारतीत पहिल्यांदा कोणाला तरी काहीतरी कळलं आहे.

मग शेठजी हसले. ते हसल्यावर सरही हसले, कारण अध्यक्ष हसल्यावर हसायचं असतं.

"पण बाई," शेठजी म्हणाले, "पाहुण्यांसमोर यजमानाचं पान उचलायचं नसतं. तुमचं बरोबर असेल. बरोबरच आहे. तरी सरांचं नाव राहिलं पाहिजे. ते गेलं तर कॉलेजचं जातं."

ज्योत्स्नानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. सरांना कळत नव्हतं, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. या माणसाला सगळं कळलं होतं आणि कळून त्यानं ते असं बाजूला ठेवलं, सरबताचा पेला ठेवावा तसं. न कळणाऱ्याची कीव तरी येते. याची तिला कीवही येईना.

"साठ पोरांची परीक्षा झाली, शेठजी," ती म्हणाली.

"झाली ना. छान झालं. आता हेही करून टाका."

सरांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. माफीपत्र होतं, खाली बदलीची सूचना. सोमवारपासून परीक्षा-साहित्य भांडार. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, दोरे, लाख. सर्व्हरचं काम बाहेरच्या एजन्सीकडे. 'माझ्याकडून अनवधानाने विभागप्रमुखांच्या आदेशाचे उल्लंघन झाले,' असं पहिलं वाक्य होतं.

ज्योत्स्नानं पर्समधून स्वतःचं पेन काढलं. 'अनवधानाने' खोडलं. वर 'समजून-उमजून' लिहिलं, खोडल्याच्या जागी आद्याक्षरं घातली, आणि खाली सही केली. बारीक अक्षरांत.

"असं लिहिलंत तर वेतनवाढ थांबेल," सर म्हणाले. "चौकशी लागेल."

"लावा," ती म्हणाली. "चौकशीला फळा असला तर बरं. मी काढून दाखवीन."

शनिवारी दुपारी ती शेवटचं सर्व्हरच्या खोलीत बसली. एजन्सीच्या माणसासाठी तिनं वहीत सगळं लिहून ठेवलं. कोणत्या गटाला किती वाटा, का, कोणती चूक आधी करून झाली आहे, म्हणजे त्यानं ती परत करू नये. तो वाचेल असं तिला वाटत नव्हतं. सर त्याला पहिल्याच दिवशी सांगणार होते, की मला मुळात घे. आणि तो घेणार होता. एजन्सीच्या माणसांना पंगतीशी काय घेणं. तरी तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं. पोरांच्या वह्या तपासून तपासून तिला घाईत लिहिता येतच नसे.

तिची स्वतःचीही एक चौकट त्या झाडात होती. कागदावर ती काढायची राहूनच गेली होती. रोज पहाटे मेमरी तपासणारा, भरलेल्या नोंदी झाडणारा, कोणाचं काम अडलंय ते पाहणारा असे तिचे तीन लहान प्रोग्राम त्यात चालत. वाटा अगदी कमी ठेवलेला. तिनं ते एकेक करून थांबवले. आत काही चालत नाही आणि पोटात गट नाही, अशी चौकटच काढून टाकता येते.

तिनं काढून टाकण्याची ओळ लिहिली आणि कळ दाबली.

पडद्यावर काही उमटलं नाही. काम नीट झालं की ही प्रणाली काही बोलत नाही. चुकलं तरच बोलते. ज्योत्स्नाचा वाटा उरलेल्या चौकटींत आपोआप वाटला गेला. थोडा होता. कोणाला जाणवण्याएवढा नव्हता.